शिकागोचा महापौर : एकोणतीस विरुद्ध एकवीस

(अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदाच्या निवडणुकीत झोहरान ममदानी विजयी झाले, तेव्हा आपल्याकडेही पुष्कळ चर्चा झाली. कोणी हर्षभरित झाले, तर कोणाला त्या शहराचा सर्वनाश जवळ आलेला दिसू लागला. अशा प्रसंगी हर्ष आणि भय ही दोन्ही बाजूस ठेवून एक जुना हिशेब पुन्हा मांडून पाहणे उपयोगाचे ठरते. तो हिशेब शिकागो शहराचा आहे. १२ एप्रिल १९८३ रोजी हॅरल्ड वॉशिंग्टन त्या शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर म्हणून निवडून आले. त्या निकालावर कोणत्या प्रतिक्रिया उमटल्या, त्यांच्या मुळाशी काय होते आणि पुढे काय घडले, एवढाच आजचा विषय आहे.

शिकागो आपल्याला परके नाही. मे दिनाचा उगम तिथलाच. ४ मे १८८६ च्या हेमार्केटच्या सभेला शहराचे तत्कालीन महापौर कार्टर हॅरिसन स्वतः गेले होते. सभा शांततेने चालली आहे असे पाहून ते घरी परतले. त्यानंतर पोलिसांची तुकडी सभेवर चालून आली, बॉम्ब पडला, गोळीबार झाला आणि पुढल्या वर्षी चार कामगार पुढारी फासावर गेले. महापौराचे मत एक आणि शहरातील सत्तेची चाल दुसरीच, हे चित्र तिथे शंभर वर्षे जुने होते.

यंत्र आणि त्याचा वंगण

१९५५ ते १९७६ या काळात रिचर्ड जे. डेली हे शिकागोचे महापौर होते. डेमोक्रॅटिक पक्षाच्या त्यांच्या संघटनेला लोक सरळ ‘यंत्र’ म्हणत. प्रत्येक वॉर्डाला एक पक्षप्रमुख, त्याच्या हाताखाली गल्लीगल्लीचा कार्यकर्ता. हा कार्यकर्ता बहुधा महापालिकेच्याच नोकरीत असे. गटार तुंबले, कचऱ्याचा डबा हवा झाला, मुलाला नोकरी हवी झाली की लोक त्याच्याकडे जात आणि मतदानाच्या दिवशी तो त्याची परतफेड वसूल करी. आपल्या गल्लीतून मते आली नाहीत तर त्याची स्वतःची नोकरी धोक्यात येई. नोकरी हाच या यंत्राचा वंगण होता.

कृष्णवर्णीय वस्त्याही या यंत्राचा भाग होत्या. त्यांच्याकडून मते भरघोस घेतली जात, पदरात मात्र तळाच्या नोकऱ्या पडत. रॉबर्ट टेलर होम्स नावाच्या सोळा मजली अठ्ठावीस इमारतींच्या रांगेत हजारो गरीब कुटुंबे कोंडली गेली आणि शेजारून गेलेला महामार्ग जणू दोन समाजांमधली भिंत ठरला. १९६६ साली मार्टिन ल्यूथर किंग घरांच्या प्रश्नावर मोर्चा घेऊन गोऱ्यांच्या वस्तीत गेले, तेव्हा त्यांच्या डोक्यावर दगड बसला.

हॅरल्ड वॉशिंग्टन याच यंत्रात वाढले. वडील वकील आणि पक्षाचे स्थानिक कार्यकर्ते. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक आघाडीवर सैनिक, मग वकिली, १९६५ पासून राज्याच्या विधिमंडळात आणि १९८१ पासून अमेरिकन काँग्रेसमध्ये. यंत्राशी त्यांचे हळूहळू बिनसत गेले. १९७७ साली त्यांनी महापौरपदासाठी पक्षांतर्गत निवडणूक लढवली, तेव्हा त्यांना सुमारे अकरा टक्केच मते मिळाली.

१९८३ साली त्यांचे पारडे जड झाले ते रस्त्यावरच्या कामामुळे. रेगन सरकारच्या कपातीचा तडाखा बसत होता. विस्कॉन्सिन स्टीलचा कारखाना मार्च १९८० मध्ये एकाएकी बंद पडून तीन हजारांवर कामगार बेकार झाले होते. महापौर जेन बर्न यांनी गृहनिर्माण मंडळावरच्या नेमणुकांत कृष्णवर्णीयांना डावलल्याचा संताप होता. १९८२ मध्ये कार्यकर्त्यांनी बेकारभत्ता व साहाय्य कार्यालयांबाहेरच्या रांगांपाशी उभे राहून मतदारनोंदणी केली. लाखाहून अधिक नवे कृष्णवर्णीय मतदार यादीत आले. फेब्रुवारी १९८३ च्या पक्षांतर्गत फेरीत बर्न आणि डेलीपुत्र रिचर्ड एम. डेली यांच्यात गोरी मते विभागली गेली आणि सुमारे ३६ टक्के मतांवर वॉशिंग्टन यांनी उमेदवारी जिंकली.

भयाचा बाजार

शिकागोत डेमोक्रॅटिक उमेदवारी मिळणे म्हणजे निवडून येणे, असा अर्धशतकाचा प्रघात होता. या वेळी तो एका रात्रीत मोडला. जन्मभर डेमोक्रॅटिक पक्षाला मते दिलेले हजारो गोरे मतदार आणि काही वॉर्डप्रमुखही रिपब्लिकन उमेदवार बर्नार्ड एप्टन यांच्यामागे गेले. एप्टन हे खरे तर उदारमतवादी म्हणून ओळखले जाणारे गृहस्थ होते. पण त्यांच्या प्रचाराची घोषणाच ‘फार उशीर होण्यापूर्वी’ अशी होती. कशाला उशीर, हे कोणी सांगितले नाही आणि सांगावेही लागले नाही. कलिंगडावर फुली मारलेले बिल्ले छातीवर मिरवले गेले; तिकडे कलिंगड हे कृष्णवर्णीयांच्या कुचेष्टेचे जुने चिन्ह आहे. २७ मार्च रोजी वॉशिंग्टन हे वॉल्टर माँडेल यांच्यासह वायव्य भागातील एका चर्चमध्ये गेले असता जमावाने त्यांची हुर्यो उडवली. चर्चच्या दारावर वांशिक शिवी रंगवलेली आढळली.

विरोधकांजवळ एक खरे हत्यारही होते, हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. चार वर्षांची प्राप्तिकराची विवरणपत्रे न भरल्याबद्दल वॉशिंग्टन यांनी १९७२ मध्ये महिनाभराहून थोडा अधिक कारावास भोगला होता. अशिलांकडून फी घेऊन काम न केल्याबद्दल त्यांची वकिलीची सनदही काही काळ स्थगित झाली होती. हे दोष खरेच होते. प्रश्न इतकाच, की भ्रष्टाचारात मुरलेल्या यंत्राला आजवर निमूटपणे मते देणाऱ्यांना शुचितेची आठवण नेमकी त्याच वर्षी का व्हावी?

या प्रश्नाचे ‘वर्णद्वेष’ असे एका शब्दात उत्तर दिले तर ते खोटे ठरणार नाही, पण अपुरे राहील. शहराच्या वायव्य आणि नैर्ऋत्य भागांतील बैठ्या विटांच्या घरांत राहणारा गोरा मनुष्य बहुधा कामगारच होता, पोलीस, अग्निशामक दलातला किंवा कारखान्यातला. त्याच्या आयुष्याची सारी बचत त्या घरात होती. कृष्णवर्णीय वस्त्यांना कर्ज नाकारण्याचे बँकांचे धोरण अनेक दशके चालले होते. घरांचे दलाल एखाद्या गल्लीत पहिले कृष्णवर्णीय कुटुंब आणवीत, भयाची आवई उठवीत, गोऱ्यांची घरे कवडीमोलाने घेत आणि तीच कृष्णवर्णीयांना चढ्या भावाने विकीत. दोन्हीकडचा कष्टकरी नागवला जाई आणि दोघेही एकमेकांना शत्रू समजत. म्हणून निकालाच्या रात्री त्या गल्ल्यांत पसरलेले भय खरे होते. मात्र त्याचा पत्ता चुकलेला होता.

निकाल लागला तो असा : वॉशिंग्टन ६,६८,१७६ आणि एप्टन ६,१९,९२६. कृष्णवर्णीयांनी जवळजवळ एकमुखाने मत दिले. पक्षांतर्गत फेरीत दूर राहिलेले लॅटिनो मतदार या वेळी बहुसंख्येने सोबत आले. गोऱ्यांपैकी सुमारे आठांतल्या एकानेच त्यांना मत दिले, परंतु अठ्ठेचाळीस हजारांच्या फरकात तेही निर्णायक होते. दक्षिण भागात रात्रभर जल्लोष चालला. शहराच्या एका टोकाला मुक्तीचा दिवस आणि दुसऱ्या टोकाला सुतक, अशी ती पहाट होती.

खुर्ची मिळाली, सभागृह नाही

आता विषयाचा गाभा येतो. आपल्याकडे मुंबईत १८८८ च्या कायद्यानुसार कार्यकारी सत्ता आयुक्ताच्या हाती असते आणि महापौर सभागृहाचे अध्यक्षपद भूषवतो. शिकागोत तसे नाही. तिथला महापौर हाच कारभाराचा प्रमुख असतो. तरीही नेमणुका आणि पैसा यांना पन्नास सदस्यांच्या नगरसभेची मंजुरी लागते. २ मे १९८३ च्या पहिल्याच बैठकीत एडवर्ड व्हर्डोल्याक व एडवर्ड बर्क यांच्या नेतृत्वाखाली एकोणतीस सदस्यांनी एकजूट केली. महापौरांनी बैठक तहकूब करून सभागृह सोडले. त्यांच्या पाठीमागे एकोणतीस जणांनी सर्व समित्या ताब्यात घेतल्या. न्यायालयानेही ते ग्राह्य धरले.

इथले गणित ध्यानात घेण्याजोगे आहे. महापौरांजवळ एकवीस मते, म्हणजे आपले काही मंजूर करून घेता येत नाही. विरोधकांजवळ एकोणतीस, पण महापौरांचा नकाराधिकार उलटवण्यास चौतीस लागतात, म्हणजे त्यांनाही राज्य करता येत नाही. तीन वर्षे हा पेच टिकला.

या कोंडीतही वॉशिंग्टन स्वस्थ बसले नाहीत. सभागृहाची मंजुरी लागत नव्हती ते सारे त्यांनी केले. पालिकेच्या माहितीची दारे आदेशाने नागरिकांना उघडली. राजकीय नोकरभरतीवर बंधन घालणारा न्यायालयीन करार मान्य केला, म्हणजे यंत्राचा वंगणच तोडला. पालिका कर्मचाऱ्यांच्या संघटनेशी सामूहिक वाटाघाटी सुरू झाल्या. रस्ते, पदपथ आणि गटारे यांच्या दुरुस्तीसाठी कर्जरोख्यांची योजना मांडताना त्यांनी विरोधकांचे वॉर्डही वगळले नाहीत. एकोणतीस जणांनी योजना अडवली, तेव्हा महापौर त्यांच्याच वॉर्डांत गेले आणि फुटलेले पदपथ दाखवून म्हणू लागले की तुमची दुरुस्ती तुमच्याच प्रतिनिधीने रोखली आहे. भयाला व्याख्यानाने उत्तर देता येत नाही. दारासमोरचा दुरुस्त झालेला रस्ता ते देऊ शकतो.

कोंडी फुटली ती मात्र न्यायालयात सुरू होऊन वस्त्यांत संपली. वॉर्डांची रचना कृष्णवर्णीय व लॅटिनो मतदारांवर अन्याय करणारी आहे असा निर्णय झाला. १९८६ मध्ये सात वॉर्डांत फेरनिवडणूक होऊन बलाबल पंचवीस-पंचवीस झाले आणि निर्णायक मत महापौरांच्या हाती आले. ७ एप्रिल १९८७ रोजी ते पुन्हा निवडून आले. पण त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला नगरभवनातील आपल्या कार्यालयातच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

एक रात्र

एका आठवड्यात त्यांच्या आघाडीची शकले झाली. डिसेंबरच्या सुरुवातीला हजारो लोक नगरभवनात व बाहेर घोषणा देत असताना सभागृहाने मध्यरात्र उलटून गेल्यावर यूजीन सॉयर यांना महापौर निवडले. सॉयर कृष्णवर्णीय होते आणि वॉशिंग्टन यांच्या गोटातलेच होते. पण त्यांना मते आली ती मुख्यतः जुन्या विरोधकांची. ज्यांना माणसाचा वर्ण हीच सगळी गोष्ट वाटत होती, त्यांच्यासाठी त्या रात्रीइतका स्पष्ट धडा दुसरा नाही. १९८९ मध्ये रिचर्ड एम. डेली महापौर झाले आणि २०११ पर्यंत राहिले.

मग सारे व्यर्थ गेले काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. नोंदलेले मतदार नोंदलेलेच राहिले, नोकरभरतीचे जुने यंत्र पूर्वीसारखे पुन्हा उभे राहिले नाही आणि २०२३ मध्ये शिक्षक संघटनेचे कार्यकर्ते ब्रँडन जॉन्सन त्याच शहराचे महापौर म्हणून निवडून आले. पण उणीवही तितकीच उघड आहे. मतदारनोंदणी, चर्च, लॅटिनो संघटना, कामगार संघटना आणि उदारमतवादी गोरे या सर्वांना बांधणारा धागा एकच मनुष्य होता. त्याच्यामागे उभी राहील अशी, वस्तीवस्तीत रुजलेली संघटना घडली नाही. विजयाच्या रात्री नाचलेले लोक दुसऱ्या दिवशी घरी गेले. एकोणतीस जण मात्र दुसऱ्याच दिवशी कामाला लागले होते.

म्हणून एखाद्या शहरात वादग्रस्त म्हणून हिणवला गेलेला उमेदवार निवडून आला की तीन प्रश्न विचारावेत. सभागृहात त्याच्या बाजूला किती हात वर होतात? त्याला मत न देणाऱ्या कष्टकऱ्याच्या दारापर्यंत कोण जाणार आहे? आणि उद्या तो नसला तर काय उरेल? या तीन प्रश्नांची उत्तरे निकालाच्या रात्री मिळत नाहीत. ती मतदारयाद्या हातात घेऊन, जिने चढून, चार-चार वर्षे खपून मिळवावी लागतात. शिकागोत १९८२ साली बेकारांच्या रांगेपाशी टेबल मांडून बसलेल्या कार्यकर्त्यांनी पहिले उत्तर लिहायला घेतले होते. ते अपुरे राहिले, पण सुरुवात तिथूनच करायची असते.