अबोल बालकाची परीक्षा : बालाघाटच्या निमित्ताने



सहा वर्षांचे एक मूल शाळेत मुकाट बसून असते. प्रश्न केला तर खाली पाहते, पाटीवर अक्षर काढायला सांगितले तर शेजाऱ्याच्या पाटीकडे पाहते. गुरुजी दोन महिने वाट पाहतात आणि मग ‘मंद आहे’ असे म्हणून मोकळे होतात. आता हे मूल खरोखरच मंदबुद्धीचे आहे, की त्याला ऐकू कमी येते, की ऐकू येऊनही वाचा फुटलेली नाही, की वाचा आहे पण ती शाळेच्या भाषेची नाही? हे चार प्रश्न अगदी भिन्न असून त्यांची उत्तरेही भिन्न आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र चारही मुले सारखीच दिसतात. त्यांना एकमेकांपासून वेगळे ओळखण्याची जी शास्त्रीय रीत, तिला मूल्यमापन म्हणावयाचे. आजचा विषय तोच आहे.

या विषयासाठी मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा निवडण्याचे कारण असे की, हा प्रश्न तेथे जितका ठसठशीत दिसतो तितका थोड्याच ठिकाणी दिसत असेल. वैनगंगेच्या काठचा हा जिल्हा १८६७ साली भंडारा, शिवणी आणि मंडला या जिल्ह्यांचे भाग जोडून बनविण्यात आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर-भंडाऱ्याकडील मराठी मुलूख मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. सीमा कागदावर आखली गेली, पण घरातली भाषा सीमेचे ऐकत नाही. लांजी, वारासिवनी, कटंगी या बाजूंना आजही घराघरांत मराठी वा पोवारी बोलली जाते. बैहरच्या डोंगराळ भागात गोंड आणि बैगा कुटुंबे आहेत. शाळा मात्र हिंदीची. गोंदिया सुमारे ४० किलोमीटरांवर असले तरी ते दुसऱ्या राज्यात पडते.

लांजीकडचे एक मराठीभाषक मूल कल्पनेने डोळ्यांपुढे आणावे. ते हिंदी शाळेत ‘बड़ा आवाज़ आया’ असे म्हणते. हिंदीत आवाज स्त्रीलिंगी आहे, मराठीत पुल्लिंगी. मुलाने घरचे व्याकरण शाळेत नेले, एवढेच. ते ‘चमचा’ या शब्दातील च दातांकडे नेऊन उच्चारते. हिंदी कानाला तो उच्चारदोष वाटेल, परंतु मराठीत आणि कोकणीतही तो उच्चार शुद्धच आहे. ‘फळ’ म्हणताना ते ळ म्हणते आणि हिंदीच्या वर्णमालेत तो ळ नाही. अशा दहा गोष्टी एका तक्त्यात मांडल्या की तक्त्याखाली ‘वाग्दोष’ असा शेरा पडावयास कितीसा उशीर? वस्तुतः या मुलात दोष कसलाच नाही. उलट दुसरे मूल खरोखर वाग्दोषाने पीडित असते, आणि ‘घरची भाषा वेगळी आहे, शिकेल हळूहळू’ असे म्हणून त्याची चार वर्षे वाया जातात. पहिली चूक मुलाला नाहक बट्टा लावते, दुसरी त्याचा उपचाराचा काळ गिळते. दोहोंत दुसरी अधिक क्रूर म्हणावी लागेल, कारण तिच्यात कोणालाच काही चुकल्यासारखे वाटत नाही.

असल्या परीक्षांचा उगम कोठे झाला हे पाहणे उद्बोधक आहे. पॅरिसमध्ये १९०५ साली आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमों यांनी पहिली बुद्धिमापन कसोटी तयार केली. त्यांना फ्रेंच सरकारने जे काम सोपविले होते ते नेमके होते : साध्या वर्गात ज्यांचे भागत नाही अशी मुले हुडकून काढावयाची, म्हणजे त्यांना वेगळे शिक्षण देता येईल. बुद्धी ही कायमची ठरलेली राशी आहे, हे मत बिनेला मान्य नव्हते. अवधान, स्मरण इत्यादींचे व्यायाम देऊन ती वाढविता येते असे तो म्हणे आणि त्यासाठी ‘मानसिक ऑर्थोपेडिक्स’ असा शब्दही त्याने योजला होता. १९११ साली तो वारला. तोवर त्याची कसोटी अमेरिकेत पोचली होती. तेथे व्हाइनलँड येथील हेन्री गॉडर्ड याने ती १९१३ साली न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर बोटीतून उतरणाऱ्या परदेशी लोकांना दुभाष्यामार्फत लावली आणि त्यांतील बहुसंख्य लोक दुर्बलबुद्धीचे असल्याचा निष्कर्ष काढला! लांबचा समुद्रप्रवास, परकी भाषा, हातात कधी लेखणी न धरलेली माणसे, यांपैकी कशाचाच हिशेब त्याने धरला नाही. मदतीसाठी घडविलेले साधन हाकलण्यासाठी वापरले गेले. दोष साधनाचा नव्हता असे म्हणून चालणार नाही. साधन एका भाषेत घडले होते आणि ते दुसऱ्या भाषेच्या माणसावर चालविले गेले, हाच तो दोष.

ही गोष्ट आपल्याकडे फार लवकर उमगली, हे अभिमानाने सांगण्यासारखे आहे. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेच्या कसोटीचे मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतर केले. १९४० साली त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि बिने-कामत कसोटी हे नाव आजही मानसशास्त्राच्या दालनांतून ऐकू येते. अलाहाबादकडील सी. एम. भाटिया यांनी १९५५ साली ठोकळे जुळविणे, आकृती काढणे अशा पाच उपकसोट्यांचा संच सिद्ध केला. त्यात हातांनी करावयाच्या कामांवर भर असल्याने निरक्षरालाही तो देता येतो. आणि बालाघाटच्या दृष्टीने सर्वांत जवळचे काम नागपूरचे. तेथील बाल-मार्गदर्शन केंद्रात आर्थर मालिन यांनी वेक्स्लरच्या कसोटीचे भारतीय रूपांतर केले, ते १९६९ साली पुढे आले. ते इंग्रजीखेरीज हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांत आहे. वैनगंगेकाठच्या मुलाला नेमक्या याच दोन भाषा लागतात.

मालिन यांनी व्हाइनलँडच्याच एका श्रेणीचे नागपुरी रूपांतरही केले. गॉडर्डच्या त्याच संस्थेत पुढे एडगर डॉल यांनी ही श्रेणी १९३५ साली मांडली होती. म्हणजे जेथून अन्याय झाला तेथूनच त्याचा उताराही आला. हिच्यात मुलाला प्रश्नच विचारीत नाहीत. ते स्वतःच्या हाताने जेवते का, अंगरख्याच्या गुंड्या लावते का, शेजारी एकटे जाऊन येते का, अशा ८९ बाबी त्याच्या आईला वा आजीला विचारावयाच्या. आजी कोणत्याही बोलीत उत्तर देवो, माहिती खरी मिळते. नातवाविषयी आजी थोडे वाढवून सांगते हे खरे. अनुभवी परीक्षक तेवढी वजावट करतो.

चांगले मूल्यमापन कानापासून सुरू होते. हा क्रम उलटला की पुढचे सारे व्यर्थ. ज्याला पुरते ऐकू येत नाही त्याचे बोलणे मोजण्यात काय हशील? ठार बहिरेपण घरच्यांच्या ध्यानात येते. फसविते ते मध्यम वा सौम्य बहिरेपण. जवळून हाक मारली की मूल वळते, ताट वाजले की वळते, आणि घरचे निश्चिंत होतात. परंतु स, श, फ यांसारखे बारीक ध्वनी त्याच्यापर्यंत पोचत नाहीत आणि त्याला शब्द अर्धेमुर्धे मिळतात. सर्दीने कानाच्या पडद्यामागे पाणी साठले तरी असे घडते, आणि ते साध्या औषधोपचाराने वा लहानशा शस्त्रक्रियेने दूर होऊ शकते. एवढ्यासाठी मुलाला मंद ठरविणे म्हणजे काय, याचा विचार ज्याचा त्याने करावा. अगदी लहान मुलाची तपासणी त्याच्या झोपेत होते : डोक्याला तारा लावून, आवाज ऐकवून, श्रवणनाडीचा प्रतिसाद यंत्रावर पाहतात. त्यात दुखत काही नाही.

कान निर्दोष ठरला की पुढचा क्रम. जन्मताच रडले काय, कावीळ, झटके आले होते काय, पहिला शब्द केव्हा. मग मुलाला समजते किती आणि बोलता येते किती, याची वेगवेगळी नोंद; कारण समजणारे पण न बोलणारे मूल आणि समजतच नसणारे मूल यांचे मार्ग पुढे फार दूर जातात. ते डोळ्याला डोळा देते का, हवी ती वस्तू बोटाने दाखवते का, लटुपुटीचा स्वयंपाक मांडते का, हेही पाहतात; स्वमग्नतेची शंका येते ती येथे. दोन भाषांच्या मुलासाठी एक युक्ती फार मोलाची आहे. त्याला जे येत नाही ते थोडे शिकवावे आणि पुन्हा विचारावे. भाषेचा परिचयच नव्हता, तर ते चटकन उचलते. मुळात अडचण असेल तर शिकवूनही अडखळते. अर्थात हे सारे करावयास मुलाची बोली जाणणारा कोणी तरी हवा. हिंदी-मराठीत साधने आहेत. गोंडीत तितकी नाहीत, आणि तेथे गावच्या अंगणवाडी सेविकेला शेजारी बसविल्याखेरीज केलेली परीक्षा ही एलिस बेटाचीच आवृत्ती होय.

वाचन-लेखनाची अडचण हा निराळा प्रांत. बुद्धी चांगली, कान चांगले, बोलणे खणखणीत, आणि तरीही घ व ध, भ व म यांत गोंधळ, वेलांटी उलटी, जोडाक्षर दिसले की घाम. महाराष्ट्र शासनाने १९९६ साली अशा मुलांना परीक्षांत सवलती देऊ केल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगतेचे जे २१ प्रकार मानले, त्यांत विशिष्ट अध्ययन-अक्षमता आली. १९९५ च्या कायद्यात ती नव्हती. २०१८ च्या मार्गदर्शक सूत्रांप्रमाणे शिक्षकाने तिसरीत वा आठव्या वर्षी प्राथमिक चाळणी करावयाची आहे. तत्पूर्वी शिक्का मारणे योग्य नाही, पण मदत सुरू करण्यास कोणी अडविलेले नाही.

सरकारी व्यवस्था कागदावर पुष्कळ आहे. २०१३ साली पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. त्यानुसार वैद्यकीय पथकाने अंगणवाडीतील मुले वर्षातून दोनदा आणि शाळेतील एकदा तपासावीत, आणि शंकास्पद मुलांना जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे धाडावे अशी योजना आहे. उणीव आहे ती पुढच्या पायरीत. शिबिर भरते, तोलामापाचा दिवस जातो, श्रवणयंत्र हाती पडते, छायाचित्र निघते. बैहरच्या डोंगरात त्या यंत्राची बॅटरी संपली की ते फळीवर जाऊन बसते. मूल्यमापन म्हणजे एका दिवसाचा समारंभ नव्हे. सहा महिन्यांनी पुन्हा मोजले नाही, तर पहिल्या मोजणीला अर्थ काय राहिला?

गोव्याच्या महाजन कुटुंबांना हे परके वाटू नये. घरात कोकणी, देवळात मराठी आणि शाळेत पोर्तुगीज, अशा तीन पायऱ्या चढत कित्येक पिढ्या लिसेवपर्यंत पोचल्या. जी मुले पहिल्याच पायरीवर अडखळली त्यांच्या हातावर पालमातोरिया बसली, ‘बुर्रो’ हे नाव पडले, आणि ती पुढे दुकानाच्या पेढीवर नाही तर कुळागरात कायमची गेली. त्यांतील किती जण केवळ कानाने अधू होते, किती जण अक्षरांशी झगडत होते, हे आता कोण सांगणार? कोणी पाहिलेच नाही. आजही अबोल मुलाला जत्रेच्या दिवशी आतल्या खोलीत ठेवणारी घरे आहेत. बहिणीच्या लग्नाची काळजी हे त्याचे कारण असते, आणि ते कारण खोटे नाही. पण मुलाची वर्षे त्या काळजीसाठी थांबत नाहीत. देवाला प्रसाद लावावा, नवसही बोलावा. त्यासाठी श्रवणतज्ज्ञाची वेळ पुढे ढकलण्याचे कारण नाही. फोंड्याजवळ ढवळी येथे लोकविश्वास प्रतिष्ठानाची शाळा आहे, ती तर कित्येक देवस्थानांच्या वाटेवरच पडते.

परीक्षेला जाताना मुलाच्या जुन्या वह्या न्याव्यात, कारण खाडाखोड ही तज्ज्ञाला पुष्कळ सांगते. घरात मुलाशी सर्वांत जास्त बोलणारी व्यक्ती बरोबर असावी, मग ती आई असो, आजी असो वा घरकाम करणारी बाई. मूल घरी कोणत्या भाषेत रागावते आणि कोणत्या भाषेत हट्ट करते हे न विचारता सांगून टाकावे. आणि अहवाल हाती आला की आकड्यावर बोट ठेवून बसण्याऐवजी शेवटचे पान काढून तज्ज्ञाला विचारावे : उद्या सकाळपासून घरी काय करावयाचे, आणि पुन्हा केव्हा यावयाचे?