कोळशाचे पुढे काय?



पाण्यातल्या प्रतिजैविकांवरची ही परिषद नागापुरात भरली, याचे मला विशेष समाधान आहे. इथल्या कारखान्यांचे आणि शेजारच्या शहराचे सांडपाणी ज्या सीना नदीत उतरते, ती पुढे हत्तरसंग-कुडलला भीमेला मिळते. वाटेतली शेते याच पाण्यावर भिजतात.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, तेव्हा पेनिसिलिन मिळणे हेच भाग्य होते. आज अशी औषधे गोठ्यापर्यंत पोचली आहेत. गाईला दगडी झाली की कासेत औषध सोडतात आणि ते दूध काही दिवस डेअरीला घालत नाहीत. पण ओतून दिलेले ते दूध आणि गोठ्याचे मूत शेवटी ओढ्यालाच जाते. माणसाच्या शरीरातूनही बऱ्याच प्रतिजैविकांचा मोठा भाग जसाच्या तसा बाहेर पडतो, आणि आपली मैलापाणी केंद्रे मुळात त्यासाठी बांधलेलीच नाहीत. अशा पाण्यात तग धरणारे जंतू उरतात, वाढतात.

यावर वनस्पतिजन्य उपाय शोधणाऱ्या तरुणांचे मला मनापासून कौतुक आहे. म्हणूनच थोडे कठोर बोलतो. शेवग्याच्या बियांतले धनभारित प्रथिन गढूळपणा खाली बसवते, हे खरे. विरघळलेले सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे प्रतिजैविक मात्र त्याने फारसे हटत नाही, उलट बियांतले सेंद्रिय द्रव्य पाण्यात उतरते. उसाच्या चिपाडाचा, म्हणजे बगॅसचा, कोळसा अधिक आशादायक आहे. त्याच्या छिद्रांत औषधाचे रेणू अडकतात, पृष्ठभागाला चिकटतात, आणि किती चिकटतील हे पाण्याच्या सामूवरही ठरते. पण बगॅस फुकट आहे असे कृपया लिहू नका. साखर कारखान्याचा बॉयलर त्यावरच चालतो. बॉयलरच्या राखेत उरलेला न जळलेला कर्ब वापरता येतो का, हे आपल्या जिल्ह्याने आधी तपासावे.

प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातित पाण्यात एकच औषध घालायचे, तेही मिलिग्रॅममध्ये, आणि नव्वद टक्के निघाले म्हणायचे! सीनेच्या पाण्यात साबण, गाळ, कुजलेला पाला यांची त्याच छिद्रांसाठी औषधाशी झटापट चालते. प्रयोग त्या पाण्यात करा. आणि औषधाने भरलेल्या कोळशाचे पुढे काय केले, ते लिहा. औषध कोळशात अडकले म्हणजे नाहीसे झाले नव्हे. तो उकिरड्यावर किंवा शेतात टाकला, तर औषध पुन्हा सुटू शकते. तो उच्च तापमानाच्या भट्टीतच जाळला पाहिजे, आणि तो खर्च निबंधात दिसला पाहिजे.

औषध गाळण्याचे हे काम उगमापाशीच जमेल. हैदराबादजवळ पाटणचेरूला औषध कारखान्यांच्या सांडपाण्याच्या सामायिक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन असल्याचे योआकिम लार्सन यांच्या गटाने २००७ साली दाखवले. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही एवढे नसते. असे पाणी नदीत मिसळल्यावर कोणता कोळसा पुरणार? रुग्णालयाच्या आणि औषध कारखान्याच्या टाकीवर गाळणी बसवा.

केंद्र सरकारने जानेवारी २०२० च्या मसुद्यात औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांना मर्यादा घातल्या होत्या. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या राहिल्या नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याच विषयावर मार्गदर्शिका काढली आहे. तिच्या आधारे त्या मर्यादा पुन्हा आणाव्यात, असा ठराव या परिषदेने करावा. तो मांडायला मी स्वतः उभा राहीन.