‘ई’ बारा, ‘झेड’ एक

संगणकाला इंग्रजीतलं कुठलंही एक अक्षर काढायला सांगितलं, तर त्याला ‘ई’ काय आणि ‘झेड’ काय, सारखेच. दोघांनाही 26 पैकी 1 संधी. भाषेत असा समभाव कुठला असायला!

अमेरिकेतल्या आल्फ्रेड बट्स यांनी स्क्रॅबल हा खेळ रचताना वर्तमानपत्रांतली अक्षरं चक्क मोजली. म्हणून इंग्रजी स्क्रॅबलच्या 100 ठोकळ्यांत ‘ई’ 12, ‘ए’ 9, ‘झेड’ मात्र एकच.

‘पायथन’ या संगणकभाषेत अशी कमी-जास्त संधी देऊन अक्षर काढायचं काम ‘चॉइसेस’ हे फंक्शन करतं. अक्षरांची यादी द्यायची, सोबत प्रत्येकाचं वजन, म्हणजे इथे त्याच्या ठोकळ्यांची संख्या. आत वजनांची चढती बेरीज मांडली जाते, शून्यापासून एकूण बेरजेपर्यंतचा एखादा आकडा निघतो आणि तो ज्या अक्षराच्या पट्ट्यात पडेल, ते अक्षर बाहेर. ‘ई’चा पट्टा अर्थातच ‘झेड’च्या बारापट रुंद.