मूकपटाचा आवाज

मूकपट थिएटरात कधीच मुका नव्हता. पडद्याशेजारी पेटी-तबला घेऊन बसलेले वादक दर खेळाला त्याला आवाज देत. त्यांची नावे इतिहासाने टिपून ठेवली नाहीत. पहिल्या स्त्रियांचीही थोडीफार तीच गत झाली.

१९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’मधील तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने रंगवली. त्यानंतर फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. नटीकडे समाज तुच्छतेने पाहत होता, तो हा काळ! १९२६ साली फातमा बेगम यांनी ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला. आज तो पाहावयास मिळत नाही.

१९३१ साली ‘आलम आरा’ आला. त्याची नायिका झुबेदा ही फातमांचीच मुलगी. पडदा बोलू लागला, आणि पडद्याशेजारच्या वादकांची रोजी गेली.

यंत्र नको, असे माझे म्हणणे नाही. परंतु यंत्र आले तेव्हा कोणाचे हात रिकामे झाले आणि प्रगतीचा इतिहास लिहिताना कोणाची नावे गळली, हे प्रश्न श्रमाची कदर करणाऱ्या प्रत्येकाने विचारलेच पाहिजेत.