पदवीच्या जोडीला एक प्रमाणपत्र

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात, विद्यार्थी-गुणगौरवप्रसंगी गगनबावडा येथे केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. सारी हयात प्राथमिक शाळेत मुलांकडून बाराखडी गिरवून घेण्यात गेली. विद्यापीठाच्या शिक्षणाविषयी आम्ही काय बोलावे? परंतु नंतर मनात आले, की ज्या चुकीविषयी बोलावयाचे ती आमच्याच हातून घडली आहे. आणि आपली चूक सांगावयास पदवी लागत नाही. म्हणून उभे राहिलो आहोत.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा एक विद्यार्थी कोल्हापुरास मराठी विषय घेऊन बी. ए. करीत होता. नेहमीचे तास आटोपल्यावर सायंकाळी वृत्तलेखन व मुद्रितशोधन यांचा एक प्रमाणपत्र वर्ग भरत असे. त्यास तो करावासा वाटत होता. अडचण एवढीच, की वर्ग सुटेपर्यंत आपल्या गावची शेवटची एस. टी. निघून जाई. वडिलांनी त्यास आमच्याकडे सल्ल्यासाठी धाडले. आम्ही विचारले, “हा वर्ग सक्तीचा की ऐच्छिक?” तो म्हणाला, “ऐच्छिक.” आम्ही लागलीच म्हणालो, “मग सोडून दे बाबा. आधी पदवी पुरी कर.” मुलगा आज्ञाधारक, त्याने ऐकले. पदवी उत्तम गुणांनी मिळाली. पुढे एका वर्तमानपत्राच्या कचेरीत तो परीक्षेस गेला. तेथे इंग्रजी बातमी अर्ध्या तासात मराठीत उतरवावयाची होती आणि छापील पानाचे मुद्रित तपासावयाचे होते. कवितेचे रसग्रहण त्यास येत होते, पण मुद्रितशोधनाच्या खुणा त्याने जन्मात पाहिल्या नव्हत्या. परत आल्यावर तो आम्हांस भेटला. दोष दिला नाही, इतकेच म्हणाला, “गुरुजी, त्या वर्गात हेच शिकवीत होते.” ते वाक्य आमच्या मनातून अजून जात नाही.

तेव्हा हे प्रमाणपत्र अभ्यासक्रम म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. पदवीचे शिक्षण विषयाचे ज्ञान देते. त्याच्या जोडीला, त्याच विद्यार्थ्याने आपल्या खुषीने काही महिने किंवा एक वर्ष शिकावयाचा छोटा अभ्यासक्रम म्हणजे प्रमाणपत्र अभ्यासक्रम. भाषा व माध्यमे या क्षेत्रांत असे कितीतरी विषय आहेत: वृत्तलेखन, भाषांतर, मुद्रितशोधन, आकाशवाणीसाठी निवेदन, चित्रपटाचे व मालिकांचे संहितालेखन, उपशीर्षके तयार करणे, संगणकावरील शुद्ध मराठी लेखन आणि परकीय भाषा. पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयाच्या रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट ही विद्यापीठाची वास्तू आहे. तेथे परकीय भाषा आणि वृत्तविद्या या दोहोंचे शिक्षण वर्षानुवर्षे एका आवारात चालत आले. कितीतरी तरुण दिवसा आपले महाविद्यालय वा नोकरी सांभाळून तेथे जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी यांचे वर्ग करीत आले. आपल्या शिवाजी विद्यापीठातही वृत्तविद्येचा व परकीय भाषांचा असे दोन्ही विभाग आहेत. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी हे विद्यापीठ स्थापन झाले. त्यापूर्वी कोल्हापूरच्या महाविद्यालयांचे विद्यापीठ पुण्यास होते. आता ते आपल्या जिल्ह्यात आहे, तेव्हा त्याचा लाभ न घेणे हे आपलेच नुकसान.

येथे पालकांचा एक गोंधळ दूर करणे अवश्य आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० साली जाहीर झाले व महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत पदवीच्या वर्गांना त्याची नवी रचना २०२४-२५ पासून लागू झाली. या रचनेत पहिले वर्ष पुरे करून, ठरलेले जादा काम करून जो विद्यार्थी शिक्षण सोडतो, त्यासही ‘प्रमाणपत्र’ मिळते. दोन वर्षांनी सोडल्यास पदविका. ही सोडून जाणाराची सोय आहे. आम्ही बोलत आहो ते प्रमाणपत्र निराळे. ते पदवी न सोडता तिच्या जोडीला मिळवावयाचे. “एका वर्षात प्रमाणपत्र मिळते, मग तीन वर्षे कशाला?” असे म्हणून कोणी मुलीचे नाव महाविद्यालयातून काढू नये. नावाच्या सारखेपणामुळे एखाद्या मुलीचे शिक्षण थांबावे, ही फार वाईट गोष्ट होईल.

भाषेचे शिक्षण हे पोट भरण्याचे साधन नव्हे, असाही समज आपल्यात आहे. तो आपल्या गावच्या इतिहासासच धरून नाही. हे गाव पंत अमात्यांच्या जहागिरीचे. राजनीतीवरील ‘आज्ञापत्र’ ज्यांच्या नावे प्रसिद्ध आहे, ते रामचंद्रपंत अमात्य याच घराण्याचे मूळ पुरुष. त्या काळी राज्य तलवारीवर चाले तितकेच लेखणीवरही चाले. शिवछत्रपतींनी रघुनाथपंत हणमंते यांजकडून राजव्यवहारकोश करवून घेतला, तो कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याकरिता. संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर ६ जुलै १९६० रोजी राज्याने भाषा संचालनालय स्थापिले, त्यामागेही राज्यकारभार लोकांच्या भाषेत चालावा हाच हेतू होता. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केला. या मानाचा आनंद आहेच. परंतु मान मिळालेल्या भाषेत बिनचूक अर्ज, बातमी व भाषांतर लिहिणारी माणसे तयार झाली नाहीत, तर तो मान कागदावर राहील.

आणखी एक उदाहरण तर आपल्या घाटाखालचेच आहे. मराठीतील पहिले वृत्तपत्र ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईस निघाले. म्हणूनच ६ जानेवारी हा दिवस महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. ते काढणारे बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे. करूळ घाट उतरून वैभववाडीवरून पुढे गेले की तो मुलूख लागतो. ‘दर्पणा’त मराठी मजकूर व इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला जाई. म्हणजे मराठी वृत्तपत्राचा आरंभच भाषांतराच्या हातात हात घालून झाला. बाळशास्त्र्यांस कितीतरी भाषा अवगत होत्या. कोकणातल्या एका खेड्यातला मुलगा हे करू शकला, तर घाटमाथ्यावरच्या मुलांनी कमीपणा का मानावा? आपल्या मुलांच्या कानांवर लहानपणापासून एका बाजूने कोल्हापुरी बोली व दुसऱ्या बाजूने मालवणी पडते. हे धन शहरातल्या मुलाजवळ नसते. त्यास शिस्त लावण्याचे काम तेवढे बाकी आहे.

कोणी विचारील, आता यंत्रच भाषांतर करते, यंत्रच बातमी लिहिते. मग हे शिकून काय उपयोग? यंत्राने केलेली भाषांतरे आम्ही पाहिली आहेत. वाक्ये सफाईदार असतात, आणि अर्थ कधी कधी उलटा असतो. ती चूक ज्यास दोन्ही भाषा येतात त्यासच दिसते. तेव्हा केवळ शब्दास शब्द ठेवणाऱ्याचे काम कमी होईल हे खरे. परंतु तपासणाऱ्याची, जबाबदारीने सही करणाऱ्याची गरज राहणारच. ते काम शिकल्याशिवाय येत नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. हे अभ्यासक्रम ‘ऐच्छिक’ असतात. ऐच्छिक म्हणजे ज्यास इच्छा असेल त्याने घ्यावा. शब्द गोड आहे. परंतु आपल्या मुलांची इच्छा कोण ठरवतो? एस. टी.चे वेळापत्रक ठरवते! कोल्हापूर येथून सुमारे ५५ कि. मी. पावसाळ्यात मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आले की वाट बंद. शहरातला मुलगा वर्ग सुटल्यावर सायकलने घरी जातो; आपल्या मुलास रात्र काढावयास जागा लागते. मुलगी असेल तर आईबापांच्या जिवाला घोर. म्हणून सक्तीचे ते सारे आपली मुले पुरे करतात, आणि ऐच्छिक ते सारे सोडून देतात. पुढे नोकरीच्या दारात मात्र नेमके त्या ऐच्छिकाविषयीच विचारले जाते. ज्यास घेणे शक्यच नाही, त्यास ‘तुझी इच्छा’ म्हणणे हा न्याय नव्हे. आम्ही त्या मुलास “सोडून दे” म्हणालो, तेव्हा हे आम्हांस कळले नव्हते. खरे तर त्याला सल्ल्याची नव्हे, कोल्हापुरात आठवड्यातून तीन रात्री अंथरूण टाकावयास जागेची गरज होती.

हे राजर्षी शाहू महाराजांनी शंभर वर्षांपूर्वीच ओळखले होते. शाळा उघडली म्हणजे खेड्यातला मुलगा शिकतो असे नव्हे. त्याच्या राहण्याजेवणाची सोय झाली पाहिजे, हे जाणून त्यांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करविली. १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. डॉ. आंबेडकरांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढले, तेव्हा महाराजांनी त्यास २५०० रुपयांचे साहाय्य केले. ज्या समाजास स्वतःचे म्हणणे स्वतः लिहिता येत नाही, त्याच्याविषयी दुसरे लिहितात, हे त्यांस पक्के ठाऊक होते. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांचे खरे कर्तव्य त्या वाटेने जाण्याचे आहे. आणि एकदा सोय उभी राहिली, की शेजारच्या इतर समाजांच्या मुलांसही तेथे जागा द्यावी.

विद्यार्थ्यांस दोन सावधगिरीच्या सूचना. प्रमाणपत्राच्या नावाखाली पोकळ कागद विकणारेही आहेत. पैसे भरण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. प्रमाणपत्रावर विद्यापीठाची वा मान्यताप्राप्त संस्थेची सही आहे काय? एकूण तास किती? प्रत्यक्ष हाताने करावयाचे काम किती? आणि त्याचे श्रेयांक तुमच्या खाती, श्रेयांक पेढीत, जमा होतात काय? एक श्रेयांक म्हणजे १५ तासांचे अध्यापन अथवा ३० तासांचे प्रात्यक्षिक, हे माप ध्यानात ठेवा म्हणजे कोणी फसवणार नाही. दुसरी सूचना: ज्यांस कोल्हापुरास राहणे अगदीच अशक्य, त्यांनी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि केंद्र सरकारचे २०१७ साली सुरू झालेले ‘स्वयम्’ यांची चौकशी करावी. घरबसल्या सर्व काही येते असे नाही, पण काहीच न करण्यापेक्षा ते शतपटीने बरे.

शेवटी संस्थेपुढे तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, आज आपण गुणवंतांस शाल, श्रीफळ व गौरवचिन्ह देतो. त्यातील शाल व चिन्ह वगळावे, आणि ती रक्कम प्रमाणपत्र वर्गाच्या शुल्काकरिता एका निधीत टाकावी. श्रीफळ पुरे आहे. दुसरी, कोल्हापुरात ज्यांची घरे आहेत अशा सभासदांनी वर्गाच्या रात्री एकेक विद्यार्थी वा विद्यार्थिनी आपल्या घरी ठेवून घेण्याचे मनावर घ्यावे. यास पैसा लागत नाही. पाच घरे पुढे आली तरी आरंभ होईल. तिसरी, ही स्मरणिका पुढील वर्षापासून विद्यार्थ्यांकडून तपासून घ्यावी. गेल्या वर्षीच्या अंकात दिवंगत सभासदांच्या यादीत एका हयात गृहस्थांचे नाव छापले गेले. ते आज पहिल्या रांगेत बसले आहेत व त्यांनी आम्हांस मोठ्या मनाने क्षमा केली आहे. परंतु पुन्हा असे घडावयास नको असेल, तर मुद्रितशोधन शिकलेली दोन मुले आपल्यापाशी हवीत. त्यांस सराव मिळेल, आणि आपली यादी शुद्ध राहील.

ज्याची गोष्ट आम्ही आरंभी सांगितली, तो विद्यार्थी आज आपल्या संसारात सुखी आहे, आणि आम्हांवर त्याचा राग नाही. परंतु त्याची धाकटी बहीण यंदा कोल्हापुरास महाविद्यालयात दाखल झाली आहे. तिने भाषांतराच्या वर्गाविषयी विचारले. या खेपेस आम्ही “सोडून दे” म्हणालो नाही. “थांब, मेळाव्यात विचारतो,” असे म्हणालो. आज आपणांस विचारले आहे. उत्तर देणे आपल्या हाती आहे.