दिवाळीच्या भेटीत पाकपुस्तक
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी यंदा मला बोलायला सांगितले, तेव्हा मी अगोदर नकोच म्हटले. मी सातवी शिकलेली बाई. व्यासपीठावर उभे राहायची सवय नाही. पण त्या म्हणाल्या, "तुम्हाला जे येते त्यावरच बोला." तेव्हा मला येते त्यावर, म्हणजे स्वयंपाकावर आणि स्वयंपाकाच्या पुस्तकांवर, चार शब्द बोलते. चुकले-माकले सांभाळून घ्यावे.

विषयाला निमित्तही आहे. दिवाळी महिन्यावर आली. मंडळात आपण दरवर्षी एकमेकींना भेट देतो, आणि ती बहुधा स्टीलचा डबा नाहीतर काचेच्या वाट्या अशीच असते. सगळ्यांची मांडणी भरून गेली आहे. म्हणून यंदा असे ठरले, की वस्तूऐवजी पुस्तक द्यावे, आणि तेही खाण्यापिण्याचे. ठरले ते चांगलेच झाले. दिवाळीला वाचायचे काहीतरी घरात आणायची आपली रीत जुनीच आहे. का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक १९०९ साली काढला, तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी अंक आला तो आलाच. पण पुस्तक द्यायचे ठरवणे सोपे, निवडणे अवघड. ह्यात मी एकदा चांगलीच तोंडघशी पडले आहे, तेच आधी सांगते.

माझ्या धाकट्या जावेचा लग्नानंतरचा पहिला दिवाळसण होता. ती नागपूरकडची, बँकेत नोकरीला. मी मोठ्या हौसेने तिला एक जाडजूड पाकपुस्तक दिले. तिने नमस्कार करून घेतले, कपाटात ठेवले आणि त्यानंतर दोन महिने माझ्याशी कामापुरतेच बोलली. मला कारण कळेना. शेवटी संक्रांतीला तिळगूळ देताना मीच विचारले. तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाली, "ताई, मला स्वयंपाक येत नाही हे चारचौघांत सांगायची काही गरज होती का?"

भगिनींनो, माझ्या मनात तसे काही नव्हते. पण तिचेही काही चुकले नव्हते. नव्या सुनेच्या हातात पाकपुस्तक देताना घरातली माणसे बघत होती, कुणीतरी हसलेही होते, आणि पुस्तकात सगळे पदार्थ आमच्याकडचे. तिच्या माहेरच्या पाटवडीचा, गोळाभाताचा त्यात पत्ता नव्हता. म्हणजे मी नकळत तिला सांगितले, की तुझे ते विसर आणि आमचे हे शीक.

त्या दिवशी मी तिला म्हटले, "मला तुझी पाटवडी शिकव." तिने शिकवली. मी दोनशे पानी वहीत ती लिहून घेतली. बेसन शिजले की नाही हे कसे ओळखायचे, थापताना हाताला पाणी लावायचे, रस्सा झणझणीत हवा, सगळे लिहिले. वहीच्या उलट्या बाजूने मी आमच्या सासूबाईंचे पदार्थ लिहीत गेले. आज त्या वहीत दोन्ही बाजूंनी पाने भरत आली आहेत, आणि आम्हा जावांचे कसे आहे ते तुम्ही बघताच.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की पुस्तक निवडताना आधी माणूस बघावा. त्या घरात काय खातात, ती नोकरीला जाते का, तिला नवे करून बघायची हौस आहे की रोजचाच डबा तिला भारी झाला आहे, हे मनात आणावे. आणि बायकांनाच द्यावे असेही नाही. माझा भाचा शिक्षणाला पुण्यात खोली घेऊन राहतो. त्याला मी वरणभात, पिठले, पोहे, खिचडी असे साधे पदार्थ असलेले पातळ पुस्तक दिले. त्याने मला पहिला फोन केला तो पिठल्यात गुठळ्या झाल्या म्हणून!

दुसरी गोष्ट, दुकानात पुस्तक हातात घेतले की चित्रांवर जाऊ नये. आपल्याला पाठ असलेले दोन पदार्थ त्यात काढून बघावेत. मी चकली आणि अनारसे काढते. चकलीच्या भाजणीला चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची डाळ असे साधारण प्रमाण आपण घेतो. पुस्तकात थोडे इकडेतिकडे असेल तर हरकत नाही, प्रत्येक घरचा हात वेगळा. पण मोहन जास्त झाले तर चकली तेलात विरघळते आणि कमी पडले तर दगडासारखी होते, हे लिहिले आहे का ते बघावे. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवून रोज पाणी बदलायचे, हे तर सगळेच लिहितात. पण अनारसा तुपात हसला तर पुढे काय करायचे, हे लिहिणारी बाई खरी कढईपाशी उभी राहिलेली. तिचे पुस्तक डोळे मिटून घ्यावे.

तिसरी गोष्ट मापाची. मराठीतले पहिले छापील पाकपुस्तक म्हणून १८७५ सालच्या 'सूपशास्त्रा'चे नाव घेतात. तेव्हापासून पुढे कितीतरी वर्षे वजन म्हणजे शेर, छटाक आणि तोळा. आपल्याकडे दशमान वजने १९५८ पासून येऊ लागली. त्यामुळे जुने पुस्तक कुणाला भेट द्यायचे झाले, तर आतल्या पानावर हिशेब लिहून द्यावा: एक शेर म्हणजे ऐंशी तोळे, सुमारे ९३३ ग्रॅम, छटाक म्हणजे पाच तोळे, सुमारे ५८ ग्रॅम. नाहीतर बिचारी शेराला किलो धरायची आणि सगळा अंदाज चुकायचा.

आता माझ्या स्वतःच्या पुस्तकाबद्दल. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती. पुढची शाळा पाच मैलांवर, वाटेत ओढा. मुलीला कुठे पाठवायचे, म्हणून माझी शाळा तिथेच संपली. लग्न झाल्यावर सासरी एका आत्यांनी मला कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' दिली. १९७० साली निघालेले हे पुस्तक, त्याच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या, आणि मापे कशी, तर वाटीची आणि चमच्याची. घरात तराजू नसला तरी अडत नाही. पण मला त्याचा उपयोग स्वयंपाकापुरता झाला नाही. शाळा सुटून सात वर्षे झाली होती, वाचायची सवय मोडली होती. दुपारी हातात दुसरे पुस्तक दिसले की कुणीतरी म्हणायचे, "काम नाही वाटते?" 'रुचिरा' दिसली की कुणी काही म्हणत नसे. शेवयांच्या खिरीपासून मी पुन्हा वाचायला शिकले. मग अंक वाचू लागले, मग कादंबऱ्या. पुढे कळले, की कमलाबाईंचे शिक्षणही चौथीपर्यंतच झाले होते. हे ऐकले तेव्हा मला किती धीर आला, ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

म्हणून चौथी गोष्ट. केवळ कृतींचेच पुस्तक द्यावे असे नाही. खाण्याबद्दल वाचायलाही गोड लागते. दुर्गा भागवत आपल्याजवळच्या कराडला १९७५ साली साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या. एवढ्या विदुषी, पण खाण्यापिण्यावर त्यांचे 'खमंग' नावाचे पुस्तक आहे. हाताने स्वयंपाक करणे सुटले अशा एखाद्या आजींना ते द्यावे. दुसरे म्हणजे शाहू पाटोळे यांचे २०१५ सालचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म'. मराठवाड्यातल्या दलित घरांतले अन्न त्यात आहे, जे मिळेल त्यातून केलेले. ते वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. आपल्या गावात एवढ्या चुली पेटत होत्या आणि आपल्या पुस्तकांत त्यांतल्या थोड्याच चुलींचे जेवण आले, हे मला पंचेचाळीस वर्षांत कधी सुचले नव्हते. असेही पुस्तक भेट द्यावे. ते वाचून झाल्यावर दोघींना बोलायला विषय मिळतो.

कुणी म्हणेल, आता मोबाईलवर सगळे दिसते, पुस्तक कशाला? मीही बघते. पण हात पिठाने भरलेले असले की पडदा काळा होतो आणि मग नाकाने बोट दाबायची वेळ येते! शिवाय मोबाईलवर मला समासात लिहिता येत नाही. माझ्या 'रुचिरा'त पानोपानी पेन्सिलीने लिहिलेले आहे: "गूळ कमी घातला, बरे झाले", "ह्यांना आवडले", "धाकटीच्या बारशाला केले". ती आमच्या घराची बखरच आहे.

आता शेवटची गोष्ट. ती बोलताना माझा आवाज जड होईल, त्याबद्दल क्षमा करा. माझी आई काळा मसाला करायची. गल्लीत वास गेला की लोक विचारायला यायचे. मी दर वर्षी म्हणायची, "आई, प्रमाण सांग, लिहून घेते." ती म्हणायची, "लिहायचं काय त्यात? उन्हाळ्यात चार दिवस ये, डोळ्यांनी बघ." मला उन्हाळ्यात कधी सवड झाली नाही. मुलांच्या परीक्षा, पाहुणे, सासूबाईंचे दुखणे. २०२१ च्या वैशाखात आई गेली. त्यानंतर मी चार वेळा तो मसाला करून बघितला. दगडफूल वाढवले, खोबरे जास्त भाजले, तीळ कमी केले. चांगला होतो, पण आईचा होत नाही. दुकानातले कुठलेही पुस्तक मला तो देऊ शकत नाही, कारण तो कुठे लिहिलेलाच नाही.

म्हणून माझी आपल्याला एक विनंती आहे. ह्या दिवाळीत जिला पुस्तक द्याल, तिच्या पुस्तकाच्या कोऱ्या पानावर आपल्या हाताने आपल्या घरची एक कृती लिहून द्या. खाली नाव, गाव आणि साल घाला. अक्षर वाईट असले तरी चालेल, माझेही वाईटच आहे. आणि लिहिता न येणाऱ्या आपल्या सासवा, आया, शेजारच्या आजी असतील, त्यांच्याजवळ बसून त्यांचे लिहून घ्या. 'अंदाजाने' म्हणाल्या, तर त्यांच्या मुठीतले वाटीत ओतून मोजा.

असे मंडळातून काही उभे राहू शकते, ह्याला दाखला आहे. मुंबईच्या सारस्वत महिला समाजाने 'रसचंद्रिका' हे पाकपुस्तक १९४३ साली मराठीत काढले, आणि पुढे त्याचे इंग्रजीही झाले. त्याही आपल्यासारख्याच एका मंडळातल्या बायका. आपण लगेच पुस्तक छापावे असे मी म्हणत नाही. पण आपल्या वाचनपेटीत एक कोरी वही ठेवावी, आणि पुढच्या वर्धापनदिनापर्यंत प्रत्येकीने तिच्यात एकेक पान भरावे, एवढे तरी आपल्याला जमेल. वहीचा खर्च मी करते. पहिल्या पानावर जावेची पाटवडी लिहून आजच आणली आहे.

माझे बोलणे लांबले.  सर्वांना दिवाळी सुखाची जावो, आणि कुणाचाही अनारसा न हसो!