मुलींसाठी म्हणून वेगळा कोर्स कशाला?

(मनमाड येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मला विषय दिला आहे 'उद्याची कामे आणि आजचे व्यवसाय-प्रशिक्षण'. विषय भारदस्त आहे, पण मी सुरुवात कबुलीने करणार आहे. एम. एस. डब्ल्यू. होऊन मी या भागात कामाला लागले तेव्हा सगळ्यात आधी काय केले, तर शिवणवर्ग काढला. मला तसे कोणी सांगितले नव्हते. बायकांसाठी काही करायचे म्हटले की डोळ्यांपुढे शिलाई मशीन उभे राहते, तसे माझ्याही राहिले. तीन तुकड्या झाल्या. नंतर घरोघरी जाऊन पाहिले तर बऱ्याच ठिकाणी मशीनवर चादर घातलेली आणि वर मुलांची दप्तरे. एकाच गल्लीत सहा जणी ब्लाउज शिवणार, तर गिऱ्हाईक आणायचे कुठून? एकीने भाव सांगितला की दुसरीने पाच रुपये कमी करायचे!

आमच्या वर्गाला येणाऱ्या एका बाईची मुलगी दहावी झाली. गणितात हुशार, वडील रेल्वेत गँगमन. तिला आयटीआयत फिटरला जायचे होते. आई म्हणाली, "लोखंड घासायचं काम पोरीला कोण देणार?" तिने माझा सल्ला विचारला. मीही म्हटले, शिवण घे, वर्षात मोकळी होशील, घरी बसून चार पैसे मिळतील. मुलीने ऐकले.

मग २०२४ च्या जानेवारीत रेल्वेची सहायक लोको पायलटची जाहिरात आली. आधी ५,६९६ जागा होत्या, पुढे वाढवून १८,७९९ केल्या. अट दहावी आणि आयटीआय. पण आयटीआय कशातले? फिटर, इलेक्ट्रिशियन, वायरमन, टर्नर, मशिनिस्ट, डिझेल मेकॅनिक अशी व्यवसायांची यादीच दिलेली असते. शिवणकाम त्या यादीत नाही. मुलगी जाहिरात घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "ताई, माझंही आयटीआयच आहे ना?"

मला काय उत्तर देता येणार होते?

आता आपल्या गावाकडे पाहा. मनमाड हे जंक्शन आहे. इथल्या रेल्वेच्या कारखान्यात पुलांचे गर्डर तयार होतात. अन्न महामंडळाची प्रचंड गोदामे इथे आहेत, पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. म्हणजे गाव लोखंडाचे, विजेचे, वाहतुकीचे आणि साठवणुकीचे. आणि मुलींना आपण शिकवतो काय? शिवण, मेंदी, ब्यूटी पार्लर. गावात कोणते काम आहे आणि कोणते येणार आहे, हा प्रश्न मुलांच्या बाबतीत विचारला जातो. मुलींच्या बाबतीत प्रश्न असतो, 'बाईमाणसाला काय शोभेल?' नियोजन इथेच फसते, मग कागदावर योजना कितीही चांगली असो.

शिवणाला मी कमी लेखत नाही. पण शोभण्याचे म्हणाल तर ते दर पिढीला बदलत आले आहे. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ति सदनात बायका छापखाना चालवत, खिळे जुळवत. रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने मुलींना परिचारिकेचे शिक्षण द्यायला घेतले तेव्हा भल्या घरच्या बायकांनी परक्यांची सेवा करावी, हे लोकांना रुचत नव्हते. आज तेच काम 'बायकांचे' ठरले आहे. सातारच्या सुरेखा यादव यांनी कऱ्हाडला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, १९८९ मध्ये त्या मध्य रेल्वेत सहायक चालक झाल्या. मार्च २०२३ मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली आणि २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. एका बाईची सबंध नोकरी होऊन गेली, तरी आपण अजून 'पोरीला कोण देणार' इथेच आहोत.

'उद्याची कामे' म्हणजे ज्योतिष नव्हे. काही गोष्टी दिसत असतात. कोळशाची इंजिने गेली, डिझेल आले, आता सगळीकडे वीज. फेब्रुवारी २०२४ पासून एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवण्याची केंद्राची योजना सुरू आहे. ती पॅनेल बसवणारे, दुरुस्त करणारे हात लागणारच. इलेक्ट्रिशियनचे शिक्षण दोन वर्षांचे असते, पण त्यात मोजमाप, नकाशा वाचणे, विजेचे मूळ गणित हाताखालून जाते. यंत्र बदलले तरी ते वाया जात नाही. टंकलेखनाचे काय झाले ते आठवा. किती मुलींनी खटखट करून परीक्षा दिल्या, आणि संगणक आला तशा टायपिस्टच्या जागाच गेल्या! म्हणून तीन महिन्यांच्या प्रमाणपत्रांची मला धास्ती वाटते. आकडा फुगतो, फोटो निघतात, पोट भरत नाही.

आयटीआयत मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. त्या भरल्या नाहीत तर मुलांना जातात. त्या का भरत नाहीत, हे मात्र आपल्याला माहीत आहे. मनमाडमध्ये वर्षानुवर्षे पंधरा-वीस दिवसांनी नळाला पाणी आले. पाण्याच्या दिवशी घरातले कोण थांबते? आयटीआयत ८० टक्के हजेरी लागते. खेड्यातून येणारीला पाचनंतरची एसटी मिळत नाही. वर्कशॉपजवळ मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, हे प्रवेशाआधी कोणी सांगत नाही. रेल्वेच्या इंजिनात शौचालय नाही, ही तर महिला चालकांची जुनी तक्रार. नियोजनाच्या बैठकीत यंत्रांची यादी होते. पाणी, एसटी, संडास आणि पाळणाघर यांची यादी होत नाही, कारण त्या टेबलाशी आपण नसतो. जिल्ह्याला कौशल्य विकासाची समिती असते, आयटीआयला व्यवस्थापन समिती असते. तिथे कारखानदार बसतात. आपल्यापैकी कोणी कधी साधे निवेदन तरी दिले आहे का? मीही दिले नव्हते.

त्या मुलीचे सांगायचे राहिले. तिचे लग्न झाले, एक मूल आहे. आयटीआयला वरच्या वयाची अट नाही, असे मी तिला परवा सांगितले. ती म्हणाली, "ताई, दोन वर्षं पोराला कोण सांभाळणार?" या वेळी मी झटकन सल्ला दिला नाही. आयटीआयच्या आवारात पाळणाघर मागणारे निवेदन मी लिहून आणले आहे. चहाच्या टेबलावर ठेवले आहे. वाचा, पटले नाही तर खोडा, आणि मग सह्या करा. दहावीच्या निकालाआधी ते द्यायचे आहे.